दहा मीटर एअर पिस्तूल: लक्ष्यावर पहिला पेलेट जाण्याआधीची तयारी

रेंजवर नव्याने येणारी माणसं बहुतेक एकाच क्रमाने चुकतात. आधी पिस्तूल विकत घेतात, मग काळ्या लक्ष्यावर पेलेट, म्हणजे शिशाच्या छोट्या गोळ्या, मारत सुटतात. पेलेट भलतीकडे जायला लागले की साइटचे, म्हणजे नेम धरायच्या खुणांचे, स्क्रू फिरवतात, आणि तेही जमेना झालं की कोच शोधतात. तोवर तीन-चार महिने गेलेले असतात आणि हाताला चापाला हिसका द्यायची सवय लागलेली असते. ही सवय मोडायला पुढे वर्ष जातं. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने नवी मुंबईतल्या रेंजवर येणारी कितीतरी उत्साही मुलं आणि त्यांच्याहून उत्साही बाबा मी असे अडकलेले पाहिले आहेत. म्हणून हा लेख क्रमावर आहे. आधी कोच, मग डोळा, मूठ, पाय, माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण), चाप, त्यानंतर पेलेट आणि सगळ्यात शेवटी खरेदी.

ठासणीच्या पिस्तुलाबद्दल विचारणारेही भेटतात. काळी दारू भरून, गोळी ठासून मारायचं ते पिस्तूल. परदेशात त्याचे सामने २५ मीटरवर, एका हाताने होतात. आपल्याकडे ठासणीचं हत्यार शस्त्र कायद्याखाली येतं, त्याला परवाना लागतो, आणि दारू बाळगण्याचे नियम वेगळेच आहेत. त्या वाटेने जायची इच्छा असली तरी सुरुवात एअर पिस्तुलावरच करा. ठासणीच्या पिस्तुलात चाप सुटल्यापासून बार उडेपर्यंत क्षणभर वेळ जातो, आणि तेवढा वेळ हात न हलवता धरणं तुम्ही एअर पिस्तुलावर बिनधोक शिकू शकता.

पुढचं सगळं उजव्या हाताने नेम धरणाऱ्यासाठी लिहिलं आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलट्या करून वाचावं.

टप्पा १: रेंज आणि कागदपत्रं

शोधायची ती दहा मीटरची रेंज, आणि तिथे शिकवणारा माणूस पिस्तुलाचा हवा. रायफलचा कोच चांगला असला तरी पिस्तुलाची मूठ आणि मनगट हा वेगळा विषय आहे. पहिल्या भेटीत तीन गोष्टी विचारा. क्लब महाराष्ट्र रायफल असोसिएशनशी किंवा राष्ट्रीय रायफल असोसिएशनशी जोडलेला आहे का? पहिले काही महिने क्लबचं पिस्तूल वापरायला मिळेल का? एका कोचकडे एका वेळी किती जण असतात? तिसऱ्या प्रश्नाला 'पंचवीस' असं उत्तर आलं तर दुसरी रेंज बघा. मूठ नीट बसवून द्यायला कोचला तुमच्या शेजारी उभं राहावं लागतं.

ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची लेखी संमती घरूनच घेऊन जा.

कायद्याबद्दल थोडं. ०.१७७ बोअरच्या, म्हणजे ४.५ मिलिमीटरच्या, आणि २० जूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही. सामन्याच्या पिस्तुलातून पेलेट साधारण ५-६ जूलने निघतो. परवाना लागत नाही, याचा अर्थ ते खेळणं आहे असा मात्र नाही.

*सावध: इमारतीच्या गच्चीवर, गॅलरीत, सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा खाडीकाठी एकही पेलेट मारायचा नाही. एका पेलेटने माणसाचा डोळा कायमचा जाऊ शकतो. पेलेट फक्त रेंजवर.*

टप्पा २: शिस्त, आणि तीही हात रिकामा असताना

पहिल्या दिवशी पिस्तूल हातात घेऊ नका. एक पूर्ण तास मागच्या खुर्चीवर बसून रेंज कशी चालते ते बघा. रेंज ऑफिसर कोणते शब्द वापरतो, 'स्टार्ट'ला काय होतं, 'स्टॉप'ला काय होतं, लक्ष्य बदलायला कोण पुढे जातं आणि त्या वेळी बाकीच्यांची पिस्तुलं कुठे असतात, हे सगळं तासाभरात दिसतं.

मग हे नियम पाठ करा.

१. नळी कायम लक्ष्याच्या दिशेने. मागून कोणी हाक मारली तर पिस्तूल टेबलावर ठेवा आणि मगच वळा. नवख्यांकडून सर्वांत जास्त वेळा मोडला जाणारा नियम हाच, कारण हाक ऐकली की शरीर आपोआप वळतं.

२. बोट चापाबाहेर, दस्त्याला लागून. नेम धरायला सुरुवात होईपर्यंत ते आत येत नाही.

३. पेलेट फक्त फायरिंग लाइनवर, म्हणजे नेमबाज उभे राहतात त्या रेषेवर, आणि फक्त परवानगीनंतर भरायचा.

४. पिस्तूल टेबलावर असताना लिव्हर (पेलेट भरायची जागा उघडणारी दांडी) उघडा आणि नळीत सेफ्टी फ्लॅग. हा भडक रंगाचा दोरा नळीतून आरपार गेलेला दिसला की रेंजवरच्या कोणालाही लांबूनच कळतं, पिस्तूल रिकामं आहे.

५. 'स्टॉप' ऐकलं की त्याच क्षणी थांबायचं. नेम कितीही सुंदर जमला असला तरी.

*तपासा: घरी आल्यावर हे पाचही नियम न बघता कोणाला तरी सांगून दाखवा. एक जरी अडखळला तरी पुढच्या खेपेला पुन्हा खुर्चीवर बसायचं.*

टप्पा ३: कोणता डोळा?

दोन्ही हात समोर लांब करा, अंगठे आणि बोटं जुळवून मधे लहान खिडकी करा आणि त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघा. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने घड्याळ खिडकीतच राहतं, तो तुमचा मुख्य डोळा. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याचा उजवा डोळा मुख्य असेल तर उत्तम. डावा निघाला तर घाबरू नका, पण कोचला पहिल्याच दिवशी सांगा. मान किंचित वळवून किंवा चष्म्यावर पट्टी लावून मार्ग निघतो. ही गोष्ट सहा महिन्यांनी लक्षात आली तर मात्र सगळी उभी राहण्याची पद्धत बदलावी लागते.

दुसरा डोळा मिटू नका. मिटलेल्या डोळ्यामुळे चेहरा ताणला जातो आणि उघडा डोळाही लवकर थकतो. चष्म्याच्या त्या बाजूला अर्धपारदर्शक पट्टी लावली की उजेड येत राहतो आणि चित्र मात्र दिसत नाही. सामन्याच्या नियमात ही पट्टी ३० मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही.

चाळिशी ओलांडलेल्यांनी चष्मेवाल्याकडे जाताना हाताच्या लांबीचं माप घेऊन जावं. तुम्हाला स्पष्ट दिसायला हवी ती पिस्तुलाच्या टोकाची माशी. दहा मीटरवरचं लक्ष्य धूसर चालतं. वाचायचा चष्मा जवळचा पडतो आणि लांबचा चष्मा माशी पुसट करतो.

टप्पा ४: मूठ

इथे घाई करणारे पुढे सर्वांत जास्त भोगतात. क्लबचं पिस्तूल घ्या, लिव्हर उघडा, फ्लॅग आत असल्याचं बघा.

डाव्या हाताने नळीकडून धरून पिस्तूल उजव्या हातात 'चढवा'. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी दस्त्याच्या वरच्या टोकाखाली जितकी वर जाईल तितकी वर बसली पाहिजे. खाली जागा राहिली तर दर शॉटला पिस्तूल वेगळ्या कोनात बसेल. मग मधलं बोट आणि अनामिका दस्त्याभोवती आणा. दाब द्यायचा तो या दोन बोटांनी, सरळ मागे, तळहाताच्या मांसल भागाकडे. करंगळी नुसती टेकलेली. अंगठा नुसता ठेवलेला, ढकलायचा नाही. तर्जनीचा या सगळ्याशी काही संबंध नाही. ती मोकळी हवी, दस्त्याला कुठेही घासू नये.

किती घट्ट? भरल्या ताटलीची कड धरताना जेवढा दाब लागतो तेवढा. बोटांची नखं पांढरी पडली तर जास्त आहे. हात थरथरायला लागला तर नक्कीच जास्त आहे.

तळव्याखालची फळी, म्हणजे दस्त्याचा खालचा सरकणारा भाग, हाताला फक्त टेकेल इतकीच वर घ्या. तिने हात आवळला की काही मिनिटांत बोटं बधिर होतात. सामन्याच्या नियमात दस्त्याने मनगटाला आधार देता येत नाही. आधार स्नायूंचाच.

*तपासा: डोळे मिटून हात वर करा, मनगट घट्ट ठेवा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. माशी मागच्या साइटच्या खाचेच्या मधोमध आहे का? उजवीकडे किंवा डावीकडे झुकली असेल तर मनगट वाकवून सरळ करू नका. पिस्तूल खाली ठेवा आणि मूठ पुन्हा बसवा. दहापैकी आठ वेळा मधोमध येईपर्यंत पुढच्या टप्प्यावर जायचं नाही.*

मी पहिले तीन आठवडे हे मनगटानेच सरळ करत होतो. डोळ्यांना सगळं बरोबर दिसायचं, पण चाप सुटला की मनगट आपल्या मूळ जागी परत जायचं आणि पेलेट त्याच्याबरोबर. शेजारच्या लेनवरच्या एका ज्येष्ठ नेमबाजाने काही न बोलता माझा हात धरून पिस्तूल खाली ठेवायला लावलं, तेव्हा मला हे कळलं.

टप्पा ५: पाय, खांदा, मान

पाय खांद्याइतके फाकवा. लक्ष्याकडे उजवी बाजू करून उभे राहा, पण अगदी काटकोनात नको. थोडं पुढे वळलेलं बरं. वजन दोन्ही पायांवर सारखं. डावा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवा, लोंबता ठेवू नका. मान सरळ, चेहरा लक्ष्याकडे वळलेला. डोकं पिस्तुलाकडे न्यायचं नाही, पिस्तूल डोळ्यांच्या रेषेत आणायचं. बूट सपाट तळाचे. पिस्तूल प्रकारात घोटा झाकणारे बूट चालत नाहीत.

मग दिशा जुळवा. डोळे मिटा, हात उचला, सैल व्हा, डोळे उघडा. पिस्तूल लक्ष्याच्या डावीकडे बघत असेल तर हात उजवीकडे ढकलू नका. मागचा पाय थोडा सरकवा, म्हणजे सगळं शरीर एकदम फिरेल. पिस्तूल वर किंवा खाली बघत असेल तर आधी पायांतलं अंतर बदला. हे दर वेळी रेंजवर उभं राहताना करायचं, कारण आज पाय कालच्या जागी नसतात.

टप्पा ६: माशी आणि खाच

लक्ष्य ही नवख्याची सर्वांत मोठी भूल आहे. काळा गोळा दिसला की डोळे तिकडे धावतात. पण एका साध्या हिशेबाने पटेल की बघायचं कुठे.

माशी आणि मागची खाच यांच्यातलं अंतर समजा ३२ सेंटिमीटर आहे. लक्ष्य दहा मीटरवर. माशी खाचेत १ मिलिमीटरने बाजूला गेली तर लक्ष्यावर चूक सुमारे ३१ मिलिमीटरची होते. लक्ष्यावर एका वर्तुळापासून दुसऱ्या वर्तुळापर्यंत ८ मिलिमीटर असतात. म्हणजे खाचेतली १ मिलिमीटरची चूक जवळजवळ चार गुण खाते. उलट पूर्ण हातच १ सेंटिमीटर इकडे-तिकडे डुलला, पण माशी खाचेत मधोमध राहिली, तर पेलेट फक्त १ सेंटिमीटर सरकतो.

म्हणून हात डुलतो याची काळजी करू नका. सगळ्यांचा डुलतो. माशी खाचेत मधोमध आणि तिचा वरचा काठ खाचेच्या काठाशी समान, एवढंच सांभाळा. दोन्ही बाजूंना उजेडाच्या पट्ट्या सारख्या दिसायला हव्यात. त्या खूप बारीक असतील तर खाच रुंद करून घ्या. नवख्याला प्रत्येक बाजूला माशीच्या निम्म्याइतकी पट्टी सोयीची जाते.

नेम काळ्याच्या मध्यावर धरू नका. काळ्यावर काळी माशी दिसतच नाही. काळ्याच्या खालच्या पांढऱ्या पट्टीत माशी ठेवा, काळं आणि माशी यांच्यामधे पांढरं दिसत राहील अशी. किती खाली, याचा मिलिमीटर मोजत बसू नका. ती एक जागा आहे, बिंदू नाही. साइट नंतर अशी लावली जाते, की तिथे धरलेला नेम दहाच्या वर्तुळात जातो.

*तपासा: हात खाली घेतल्यावर स्वतःला विचारा, शेवटच्या क्षणी काय स्पष्ट दिसत होतं? 'लक्ष्य' असं उत्तर आलं तर तो शॉट चुकीचा होता, मग पेलेट दहात गेला असला तरी.*

टप्पा ७: चाप

सगळ्या तयारीची परीक्षा इथे होते. १० मीटर एअर पिस्तुलाच्या चापाला नियमाने किमान ५०० ग्रॅमचं वजन लागतं. पिस्तूल उभं धरून चापाला ५०० ग्रॅमचं वजन अडकवलं की चाप सुटता कामा नये, अशी सामन्याआधी तपासणी होते.

चापावर तर्जनीच्या पहिल्या पेराची मऊ गादी ठेवा. टोक नको, सांधा नको. बहुतेक पिस्तुलांत चाप दोन टप्प्यांचा असतो. आधी थोडा मोकळा येतो, मग अडतो. हात लक्ष्याकडे उतरत असतानाच मोकळा भाग संपवा आणि अडलेल्या जागी बोट टेकवा. इथून पुढे दाब हळूहळू, न थांबता, सरळ मागे वाढवत न्यायचा, आणि चाप कधी सुटला याचं तुम्हाला थोडं आश्चर्य वाटलं पाहिजे.

चुकतं ते असं. हात डुलत डुलत नेमक्या जागी येतो, मन म्हणतं 'आत्ता!', आणि बोट झटका देतं. त्या झटक्यात मूठही आवळली जाते. उजव्या हाताच्या नेमबाजाचा पेलेट मग खाली आणि डावीकडे जातो. पेलेट वर जात असेल तर चाप सुटताना तळहाताने ढकललं जातंय. सगळे पेलेट खाली जात असतील, पण डावीकडे नाही, तर मनगट ढिलं पडतंय.

या 'आत्ता!'वर एकच उपाय मला लागू पडला: ड्राय फायरिंग, म्हणजे पेलेटशिवाय सराव. सामन्याच्या बहुतेक पिस्तुलांत यासाठी वेगळी सोय असते. चाप सुटतो, हवा जात नाही.

*सावध: स्प्रिंग-पिस्टनचं पिस्तूल, म्हणजे नळी मोडून दट्ट्या ताणायचं साधं पिस्तूल, पेलेटशिवाय सोडू नका. पिस्टन आतल्या भिंतीवर आदळून ते खराब होतं. आपलं पिस्तूल कोणत्या प्रकारचं आहे हे कोचला विचारल्याशिवाय कोरडा चाप ओढायचा नाही.*

श्वासाचं थोडक्यात: श्वास घेत हात लक्ष्याच्या वर उचला, सोडत खाली आणा, अर्धा सोडून थांबा. नेम जागेवर आला की सुमारे सहा ते दहा सेकंदांत चाप सुटला पाहिजे. नाही सुटला तर हात खाली घ्या. डोळे त्यानंतर खोटं दाखवायला लागतात आणि हात थरथरतो. नवख्याला हात खाली घेणं कमीपणाचं वाटतं. सामन्यात ६० शॉटना ७५ मिनिटं असतात, म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट. पाच वेळा हात खाली घेतला तरी वेळ पुरतो.

चाप सुटल्यावर दोन-तीन सेकंद काहीच बदलू नका. माशीकडेच बघत राहा. चाप सुटताना ती कुठे होती, हे ठरवा आणि मोठ्याने सांगा: 'थोडी उजवीकडे.' पेलेट बघायचा तो त्यानंतर.

घरचा सराव, ठाण्याच्या फ्लॅटमध्ये

हा भाग पिस्तूल घरी असणाऱ्यांसाठी. घरी फक्त कोरडा सराव, आणि त्याचे नियम रेंजपेक्षा कडक.

पेलेटचा डबा दुसऱ्या खोलीत, शक्यतो कपाटात कुलूप लावून. पिस्तुलाचं तोंड बाहेरच्या भिंतीकडे हवं; खिडकीकडे किंवा दाराकडे नको. खिडकीचा पडदा ओढलेला. समोरच्या इमारतीतल्या कोणाला हातात पिस्तूल दिसलं तर ते घाबरतील, आणि त्यांचं घाबरणं रास्त आहे. घरात लहान मूल जागं असताना सराव नाही.

भिंतीवर १५ मिलिमीटर व्यासाचा काळा गोल काढलेला कागद लावा आणि अडीच मीटरवर उभे राहा. रेंजवर काळ्याचा व्यास ५९.५ मिलिमीटर असतो; अडीच मीटरवर हा छोटा गोल डोळ्यांना तेवढाच दिसतो. गोल डोळ्यांच्या रेषेपेक्षा दोन बोटं खाली हवा. निम्मा सराव मात्र कोऱ्या भिंतीवर करा. गोल नसला की बघायला माशीच उरते.

रोज वीस मिनिटं पुरेत. दर पाच वेळा चाप ओढला की पिस्तूल खाली ठेवा.

पिस्तूल नसेल तर अर्धा लिटर पाण्याची बाटली हाताच्या लांबीवर तीस सेकंद धरा, एक मिनिट विश्रांती, असं पाच वेळा. दोन-तीन आठवड्यांनी एक लिटरची बाटली घ्या. पिस्तुलाचं वजन तिच्या आसपासच असतं. खांदा दुखला तर थांबा. दुखऱ्या खांद्याने केलेला सराव चुकीची सवय लावतो.

टप्पा ८: पेलेट, कोऱ्या कागदावर

आता रेंजवर पहिला पेलेट. डोळ्यांवर चष्मा हवाच, नंबर नसला तरी साधा संरक्षक चष्मा घाला. चपट्या तोंडाचे ४.५ मिलिमीटरचे पेलेट घ्या. टोकदार पेलेट कागदात स्वच्छ भोक पाडत नाहीत, आणि ते सामन्याचे पेलेटही नाहीत.

भरण्याचा क्रम असा ठेवा:

१. परवानगी ऐका. फ्लॅग काढा.

२. नळी लक्ष्याकडे, पिस्तूल टेबलावर टेकलेलं. पेलेटची चपटी बाजू पुढे, घागरा, म्हणजे पोकळ, पसरट बाजू, मागे.

३. पेलेट पूर्ण आत बसला का, अंगठ्याने तपासा. मग लिव्हर बंद.

४. हात उचलेपर्यंत बोट चापाबाहेर.

*सावध: मधेच कोणी बोललं आणि पेलेट भरला की नाही आठवेना, तर दुसरा भरू नका. दोन पेलेट नळीत अडकतात. नळी लक्ष्याकडेच ठेवून कोचला बोलवा.*

लक्ष्याचा कागद उलटा लावा, कोरी बाजू पुढे. पहिले शंभर पेलेट कोऱ्या कागदावरच. नेमाला गोल नाही, त्यामुळे गुण नाहीत आणि 'आत्ता!'ही नाही. दहा पेलेटनंतर कागद आणा आणि भोकांची दाटी बघा. ती कागदाच्या कुठल्याही कोपऱ्यात असली तरी चालेल. ती लहान होत जायला हवी, बस्स.

हे शंभर पेलेट कंटाळवाणे आहेत, हे मला माहीत आहे. गुण न मिळणारी गोष्ट करायला मन तयार होत नाही. पण मी पाहिलेल्या नवख्यांपैकी ज्यांनी ते प्रामाणिकपणे केले, त्यांचा पहिला काळा कागदच वेगळा दिसला.

शिसं हाताला लागलेलं असतं. रेंजबाहेरच्या टपरीवर चहा-वडापाव घ्यायच्या आधी साबणाने हात धुवा, नुसत्या पाण्याने नाही. मुलांच्या बाबतीत तर हे विसरूच नका.

टप्पा ९: काळं लक्ष्य आणि साइट

दाटी एका ताटलीच्या आकारातून पेल्याच्या तोंडाएवढी झाली की कागद सुलटा करा. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं आहे, म्हणजे करंगळीच्या नखाएवढं. पेलेट रेषेला नुसता टेकला तरी वरचा गुण मिळतो.

साइट फिरवायचा नियम एकच: एका पेलेटवरून कधीच नाही. दहा पेलेटच्या दाटीचा मध्य काढा. तुम्ही स्वतः 'वाईट होता' असं सांगितलेले पेलेट सोडून द्या. मध्य डावीकडे असेल तर मागची साइट उजवीकडे न्या. पेलेट जिकडे न्यायचा तिकडे मागची साइट जाते. दोन-तीन क्लिक, म्हणजे स्क्रूचे खटके, मग पुन्हा दहा पेलेट. एका दिवशी दोनदाच. सकाळी फिरवायची आणि संध्याकाळी परत फिरवायची, असं करणारा माणूस स्वतःच्या मुठीतली चूक साइटवर लिहीत असतो.

वहीत प्रत्येक दिवसाचे क्लिक, हवा, झोप आणि 'सांगितलेला' आणि 'खरा' पेलेट यांतला फरक लिहा. गुण लिहिले नाहीत तरी चालेल.

टप्पा १०: खरेदी, आणि खाडीची हवा

स्वतःचं पिस्तूल आता. सामन्याच्या पातळीचं आयात केलेलं पिस्तूल लाखाच्या पुढे जातं, त्यामुळे आधी क्लबमधली दोन-तीन वेगवेगळी पिस्तुलं दहा-दहा दिवस वापरा. नियमाने वजन १५०० ग्रॅमच्या आत आणि चाप ५०० ग्रॅमच्या वर हवा, पण तुमच्यासाठी महत्त्वाचं माप दस्त्याचं आहे. तो हाताला मोठा असेल तर किमतीचा काही उपयोग नाही. वापरलेलं पिस्तूल घेत असाल तर हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचा. दहा वर्षांनंतर तो सामन्यात चालत नाही, आणि बदलायला बरेच पैसे पडतात.

सिलिंडर भरताना त्याला तेल किंवा ग्रीस लावू नका. २०० बारच्या हवेशी तेलाची गाठ घातक ठरू शकते. मे महिन्यात तो उन्हात उभ्या गाडीतही ठेवायचा नाही.

लोकलने नेताना पिस्तूल कुलूपबंद कडक पेटीत, लिव्हर उघडा, फ्लॅग आत, पेलेट वेगळ्या कप्प्यात. पेटी साध्या पाठपिशवीत. क्लबचं कार्ड आणि बिलाची प्रत जवळ. कोणी चौकशी केली तर कागद दाखवा. डब्यात पेटी उघडायची नाही, मित्राने कितीही आग्रह केला तरी.

ऐरोलीपासून वाशीपर्यंत खाडीची खारी, दमट हवा धातूला खाते. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दर सरावानंतर घामाचा हात लागलेला प्रत्येक स्टीलचा भाग कोरड्या फडक्याने पुसून मग अगदी पातळ तेलाचा हात द्या, सिलिंडर आणि हवेच्या तोंडाला सोडून. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की बदला. लाकडी दस्ता पावसाळ्यात फुगतो. जुलैमध्ये मूठ घट्ट वाटली तर कानस घेऊन बसू नका. गणपतीनंतर हवा कोरडी होईपर्यंत थांबा, आणि मग टप्पा ४ मधली डोळे मिटून करायची चाचणी पुन्हा करून बघा.